भेंडाचं विमान आणि कमळ्याचं बाशिंग

स्वतःच्या लग्नात, अंतरपाटाच्या अलीकडे उभं राहून, कपाळावरचं बाशिंग सोडून ते उलटं करून बघणारा नवरा लोधिवलीत आजवर एकच झाला. त्याचं नाव भिवाजी. भटजी मंगलाष्टकांत रंगलेले, वऱ्हाडी मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होईपर्यंत उभे, आणि नवरदेव बाशिंगाच्या कडेला नख लावून आत काय आहे ते चाचपतोय. मागं उभ्या असलेल्या मामानं कानाशी लागून विचारलं, "टोचतंय का रं?"

"टोचत नाय, मामा. पन येवढं धूड कपाळावर बांधलंय, आन् वजनच लागंना. आत घातलंय काय?"

"तुजी अक्कल घातलीय, म्हनून वजन नाय. बांध ते!"

बाशिंग बांधलं गेलं, लग्नही लागलं. प्रश्न मात्र तसाच राहिला. लग्नानंतर बाशिंग घराच्या आढ्याला बांधून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. भिवाजीनं पहिल्याच आठवड्यात ते खाली काढलं आणि सुरीनं सोललं. त्याची नवीकोरी बायको सोनाबाई चुलीपाशी बसून हे बघत होती. लग्नाचं बाशिंग सोलणारा नवरा आता आपल्याला माहेरी धाडणार, असं वाटून तिनं आधी डोळ्याला पदर लावला. पण तो नुसत्या पांढऱ्या चकत्या उन्हात धरून बघत बसला. तेव्हा तिनं पदर खाली घेतला आणि तीही बघायला लागली. त्यांच्या संसाराची ही सुरुवात. पुढचा संसारही साधारण याच वळणानं गेला.

बाशिंगात होतं भेंड. तळ्याच्या चिखलात वाढणारी ही एक काडी. वरची साल काढली की आत पांढराशुभ्र गर. फुंकर मारली तर हातातून जावा इतका हलका, आणि धारदार सुरीखाली कागदासारखे पापुद्रे सुटणारा. भिवाजी कर्जतच्या बाजारात बाशिंगं विकणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी जाऊन बसला आणि त्यानं त्याला इतके प्रश्न विचारले, की निव्वळ याला गप्प करण्यासाठी म्हाताऱ्यानं धंद्याची सगळी गुपितं सांगून टाकली. मग भिवाजी पावसाळ्यात भात लावायचा, दिवाळीनंतर तळ्यातून भेंड काढून वाळवायचा आणि लग्नसराईत बाशिंगं करायचा. चौक गावापासून खालापुरापर्यंतचे नवरे त्याच्या बाशिंगाखाली घाम गाळून गेले.

त्याच्या बाशिंगाची दर्शनी बाजू म्हणजे बघत राहावी अशी. बेगडाचे पोपट, आरशाचे तुकडे, मोत्यांच्या सरी. आणि मागची बाजू? मागं नुसत्या कामट्या, चिंचोक्याच्या खळीचे ओघळ, कुठंतरी बोटाचा ठसा. सोनाबाई एकदा म्हणाली, "मागं जरा पुसून तरी घ्या." त्यावर भिवाजी म्हणाला, "बाशिंगाची पाठ कोन बगतो गं? नवऱ्याला दिसत नाय, नवरी समोर उभी. भटाचं लक्ष दक्षिणेवर." हे तत्त्व त्याला इतकं पटलेलं होतं, की घराची पुढची भिंत तो दरसाल सारवून घ्यायचा आणि मागची पावसावर सोडून द्यायचा.

तर अशा या माणसाला चव्वेचाळीस सालच्या मार्गशीर्षात झाडावर एक विमान भेटलं.

लढाईचे दिवस होते. मुंबई-पुणे रस्त्यानं लष्कराच्या गाड्यांच्या रांगा जायच्या आणि चौकच्या अलीकडच्या आमराईत दम खायला थांबायच्या. त्या दिवशी भिवाजी जळणासाठी वाळक्या फांद्या तोडायला जांभळीवर चढला होता. खाली गोऱ्या शिपायांचा चहा चालला होता. एवढ्यात काहीतरी फर्रर्र करत थेट त्याच्या तोंडावर आलं, त्यानं डोकं काढून घेतलं, आणि ते कानापाशी फांदीवर आदळून मोडलं. खालून एक लाल तोंडाचा सोजीर धावत आला. वर बघून त्यानं दोन्ही हात हवेत फेकले. तेवढ्यात शिट्टी झाली, सोजीर गाडीत चढला आणि गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

भिवाजीनं ते खाली आणलं. हातभर लांबीचा सांगाडा, त्यावर पातळ कागद. दोन्ही बाजूंना पंख, त्यातला एक मोडलेला. पुढं लाकडी पंखा, आणि पोटात रबराची तुटलेली पट्टी. मागच्या टोकाला काही होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. असलंच तर ते गवतात कुठंतरी पडलं होतं. आणि ज्याच्याकडे ते समोरून आलं, त्यानं मागचं बघितलंच कुठं होतं!

त्यानं सवयीनं मोडलेल्या लाकडावर नख दाबलं. नख आत गेलं. हुंगून बघितलं, तळहातावर तोललं. डोळे मोठे करून तो पळतच घरी आला.

"सोना, भेंड हाय गं! गोऱ्यांच्यातबी बाशिंग बांधत्यात!"

सोनाबाईनं ते पुढून, मागून, खालून बघितलं. "मंग बाशिंगाला पंखा कशाला?"

"त्यांना आपल्याकडं गरम व्हत आसंल."

ते भेंड नव्हतं हे आपल्याला ठाऊक आहे. परदेशातलं कुठलंसं हलकं लाकूड असणार. पण भिवाजीच्या चुकीनं एक फार मोठं काम केलं. दुसरा कुणी असता तर हे परक्याचं यंत्र आहे म्हणून त्यानं ते माळ्यावर टाकलं असतं. भिवाजीला ते आपल्या धंद्यातलं वाटलं. आणि आपल्या धंद्यातली मोडलेली वस्तू समोर असताना गप्प बसेल तो कारागीर कसला?

मोडलेल्या पंखात त्यानं भेंडाच्या पट्ट्या घातल्या, खळीनं चिकटवल्या, वर पतंगाचा कागद ताणून बसवला. पोटातल्या रबराचा उलगडा मात्र त्याला होईना. म्हणून तो चौकच्या नाक्यावर रज्जाककडे गेला. रज्जाकचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पंप, एक पाण्याचं घमेलं आणि भरपूर बोलणं. लढाईमुळं नवी ट्यूब मिळत नव्हती. रज्जाककडच्या ट्यूबांना इतकी ठिगळं होती, की मूळची ट्यूब कुठली यावर गिऱ्हाइकांत वाद व्हायचे.

रज्जाकनं तुटलेली पट्टी गाठ मारून जोडली, पंखा बोटानं फिरवला, रबराला पीळ बसला, सोडल्यावर पंखा गरगरला. दोघंही दचकून मागं सरले.

"अरं भिवाजी, हे इमान हाय!" रज्जाक म्हणाला. "इलायतेत असली इमानं रेडिओवर चालवत्यात म्हनं. मानूस खाली बसून हुकूम सोडतो, वर इमान वळतं. वखारवाल्या शेटकडं आयकलंय मी."

"शेटच्या रेडिओवरून?"

"तसल्याच आसंल कशावरून तरी."

भिवाजी विचारात पडला. "पन शेटचा रेडिओ नुसता बोलतो रं. त्याला आपलं आयकू येत नाय. परवा मी त्याला इचारलं, पाऊस कदी पडंल, तर गानंच म्हनत बसला."

"मंग आपलं रबरावर बरं," रज्जाक म्हणाला, आणि ठिगळं नसलेली एक जागा शोधून त्यानं ट्यूबेची लांब पट्टी कापून दिली.

विमान तयार झालं ते मात्र भिवाजीच्या हातचं. म्हणजे पुढच्या नाकावर बेगडाचा पोपट, पंखांच्या दर्शनी कडेला आरशाचे तुकडे, आणि मागचा दांडा उघडाबोडका. बाशिंगाचा नियम! कापलेल्या भाताच्या शेतात निम्मं गाव जमलं. भिवाजीनं पीळ दिला, विमान डोक्यावर धरलं आणि सोडलं. विमानानं हवेत एक कोलांटी मारली, दुसरी मारली, आणि पोपटाची चोच मातीत खुपसून ते उभं राहिलं.

"शेतीत घातलंस तर नांगराचं काम करंल," कुणीतरी म्हणालं.

भिवाजीला लाज वगैरे काही वाटली नाही. त्याला वाटलं ते कुतूहल. हे पडलं ते ठीक, पण असंच का पडलं? घरी येऊन त्यानं पोपट काढला. दुसऱ्या खेपेला आरसे काढले, मग मोती. आपल्या हातानं लावलेली शोभा आपल्या हातानं खरवडताना त्याचा चेहरा बघवत नसे, असं सोनाबाई सांगायची. विमान हलकं होत गेलं आणि कोलांट्या वाढत गेल्या. पूर्वी ते दोन मारून पडायचं, आता हौसेनं मारत राहायचं.

"पीळ कमी पडतोय," रज्जाक म्हणायचा.

"पीळ लई व्हतोय," भिवाजी म्हणायचा.

दोन्ही करून झालं. पुढं दगड बांधून झालं, पंख मागं सरकवून झाले. एकदा तर रज्जाकनं फुंकर घालून बघितली. विमान आपलं जमिनीच्या ओढीनं मातीत नाक घालतच राहिलं. माघ गेला, फाल्गुन आला. लग्नसराई तोंडावर आली. भिवाजी दिवसा बाशिंगं करायचा आणि ऊन उतरलं की शेतात जाऊन विमान पाडायचा.

या कोड्याचं उत्तर शेवटी घरच्या कोंबड्यानं दिलं. सोनाबाईच्या तांबड्या कोंबड्यावर मुंगसानं झडप घातली. कोंबडा वाचला, पण शेपटीची सगळी पिसं मुंगसाच्या तोंडात राहिली. रोज परसातल्या कुडावर टुणकन चढून बांग देणारा तो गडी दुसऱ्या दिवशी उडाला, हवेतच पुढं कलंडला आणि चोचीवर पडला. पुन्हा उडाला, पुन्हा पडला. भिवाजी हातातलं काम टाकून त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"सोना, ह्यो माज्या इमानागत पडतोय."

"त्याला शेपूट ऱ्हायली नाय, त्यो काय करंल बिचारा?" ती दाणे निवडता निवडता म्हणाली, आणि मग दोघांनीही एकदम वर बघितलं.

पुढचे काही आठवडे भिवाजी हातचं काम आवरलं की कोंबड्यापाशी बसलेला असायचा. गावात बातमी पसरली, की भिवाजीनं कोंबड्याला गुरू केलंय. नवी पिसं फुटायला लागली तसतसा कोंबडा कुडाच्या जवळ पोहोचू लागला. भिवाजी उठून तडक रज्जाककडं गेला.

"पाठ पायजे, रज्जाक."

"कुनाची?"

"इमानाची. मागं आडवी पट्टी, उभी पट्टी. शेपूट. मागचं कोन बगत नाय म्हनून मी सोडून दिलं व्हतं." हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. आयुष्यभर पुढच्या बाजूवर पोट भरलेल्या माणसाला हे कबूल करणं सोपं नव्हतं.

शेपूट करायला भेंड हवं होतं. आणि घरात भेंड उरलं होतं ते एकाच बाशिंगापुरतं. ते बाशिंग होतं विमलबाईच्या कमळ्याचं. विमलबाई म्हणजे शेजारच्या आळीतली, आवाजानं आणि मनानं खणखणीत बाई. कमळ्या तिचा एकुलता एक. लग्न वैशाखाच्या शेवटी ठरलेलं, आणि बाशिंग तिनं आधीच सांगून ठेवलेलं.

"कमळ्याच्या भेंडाला हात लावू नका," सोनाबाईनं बजावलं.

"तळ्यातून आनतो की दुसरं. लगनाला अजून लई टाइम हाय."

शेपूट झालं. ते चांगलं मोठं झालं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तो कशाची तरी पाठ करत होता आणि माप कळत नव्हतं. तेवढ्यात पंखालाही थोडं भेंड लागलं, मग नाकाला. मग भिवाजी कोयता घेऊन तळ्यावर गेला. तळ्यात भेगा पडलेल्या चिखलावर म्हशी रवंथ करत बसल्या होत्या. भेंडाची एक काडी नाही. कर्जतला गेला, तर म्हाताऱ्याचाही माल संपलेला. आता नवं भेंड पावसाळा उलटल्यावर. तो तसाच विमलबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वैनी, औंदा कागदाचं बाशिंग केलं तर? लई झ्याक करीन."

विमलबाईनं पापडाची लाटी पाटावर आपटली. "कागदाचं? माज्या कमळ्याला? त्यो काय भातुकलीतला नवरा हाय व्हय, भावजी? भेंडाचं नसंल तर सांगा, लगीन फुडं ढकलते आन् गावाला कारन सांगते."

गावाला कारण सांगते म्हणजे काय, हे विमलबाईचा आवाज ऐकलेल्या कुणालाही समजेल. भिवाजी मुकाट्यानं म्हणाला, "भेंडाचंच व्हईल."

आता भेंड होतं एकाच ठिकाणी. विमानात.

हळदीचा दिवस उजाडला. तिकडं कमळ्याच्या मांडवात वाजंत्री, इकडं भिवाजीच्या पडवीत घोंगडीवर विमान, शेजारी सुरी, आणि समोर भिवाजी, सोनाबाई नि रज्जाक. मोडायचं हे ठरलेलंच होतं. पण शेपूट बसवल्यापासून विमान एकदाही उडवलेलं नव्हतं. भरभरा वारा सुटायचा, तो पडेपर्यंत थांबू म्हणता म्हणता दिवस गेले होते. आज नेमकं झाडाचं पान हलत नव्हतं.

"येक डाव उडव, मंग मोड," रज्जाक म्हणाला.

"आन् झाडावर अडाकलं? नदीत गेलं?" सोनाबाई म्हणाली. "उद्या त्या पोराच्या कपाळाला काय बांधनार, तुमची ट्यूब?"

"म्हंजी ते उडतं का नाय, हे कदी कळायचंच नाय?" रज्जाकनं विचारलं.

"नाय कळलं तर काय मरत नाय कुनी. लगीन मोडलं तर मात्र त्या पोरीच्या घरी चूल पेटायची नाय."

सोनाबाईचं बरोबर होतं. भिवाजीलाही ते पटलं. त्यानं सुरी उचलली, शेपटीच्या सांध्यावर टेकवली आणि तशीच धरून बसला. सुरी पुढं जाईना आणि मागंही येईना.

तेवढ्यात दारात पिवळाधमक कमळ्या उभा राहिला. कानामागं, नाकात, भुवयांत हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात टोकाला लिंबू खोचलेली सुरी. हळद लागलेल्या नवऱ्यानं एकट्यानं बाहेर पडायचं नसतं. पण आत्यांनी तिसऱ्यांदा हळद कालवायला घेतलेली बघून तो मागच्या दारानं निसटला होता.

"काका, आय इचारतीय, बाशिंग झालं का?"

भिवाजीनं विमानाकडं बोट केलं. कमळ्या वाकून बघायला लागला. हळदीचे दोन थेंब घोंगडीवर पडले.

"हे बाशिंग?"

"हेच. आता मोडून करायचंय."

"आन् हे उडतं?"

"ठाव नाय."

"मंग आदी बगाया नको?"

"कमळ्या, हरवलं तर तुज्या कपाळाला काय बांधू रं?"

कमळ्यानं कपाळाला हात लावला. "कपाळ माजं हाय ना, काका? मंग चला."

सोनाबाईनं तिघांकडंही एकेकदा बघितलं. मग ती उठली, तिनं पायात वहाणा सरकवल्या. "मी फुडं जाऊन नदीच्या अंगाला उभी ऱ्हाते," म्हणाली. "तिकडं गेलं तर आडवीन."

भर दुपार. वैशाखाचं ऊन. धसकटांची पिवळी शेतं, आणि मधे मधे भाताच्या रोपांसाठी पावसाआधी भाजून ठेवलेल्या राबाचे काळे चौकोन. रज्जाकनं विमान धरलं, भिवाजीनं बोटानं पंखा फिरवत पीळ दिला. ट्यूबेची पट्टी गाठी गाठींनी आवळत गेली. एका गाठीनं कुरकुर केली. भिवाजीनं विमान डोक्यावर घेतलं आणि सोडलं.

कोलांटी आली नाही. विमान सरळ निघालं, धसकटांवरून, बांधावरून, थोडं वर, आणखी थोडं वर, असं चाललं की जणू रोज याच वाटेनं जातं. भिवाजीचं तोंड उघडं राहिलं. काळ्या राबावर पोहोचता पोहोचता रबर संपलं. पंखा थांबलेला सगळ्यांना स्पष्ट दिसला.

"आता पडनार," रज्जाक म्हणाला.

ते पडलं नाही. पंखा थांबलेला, आणि विमान वर चाललेलं! एक पंख किंचित खाली करून ते राबावर गोल फिरायला लागलं. प्रत्येक फेरीला वर. आंब्याच्या शेंड्याएवढं, मग त्याच्याही वर. एक घार आधीपासूनच तिथं फिरत होती. तिनं पाहुण्याकडं एकदा मान वळवून बघितलं आणि जागा करून दिली. खाली तिघं माना मोडेपर्यंत वर बघत उभे. वाजंत्री लांबून ऐकू येत होती.

पहिला भानावर आला तो नवरा.

"काका," तो हळूच म्हणाला, "माजं बाशिंग चाललं."

मग जी पळापळ झाली ती लोधिवलीच्या लोकांनी पुढं वर्षानुवर्षं सांगितली. पुढं लिंबूवाली सुरी उगारलेला पिवळा नवरा, त्यामागं लुंगी वर धरलेला रज्जाक, आणि सगळ्यांत मागं भिवाजी. तो मागं राहिला, कारण तो खाली बघून पळतच नव्हता. दोनदा तो बांधावरून पडला आणि दोन्ही वेळा पडल्या पडल्या वरच बघत होता. विमान तरंगत पाताळगंगेच्या बाजूला सरकलं. नदीपाशी पोहोचल्यावर त्याला आधार देणारं जे काही होतं ते संपलं असावं. ते फेऱ्या घेत खाली उतरू लागलं. काठावर सोनाबाई पदर पसरून धावली, पण विमान तिच्या डोक्यावरून गेलं आणि पाण्याच्या मधोमध अलगद बसलं. घाटावरून विजेच्या कारखान्याचं पाणी सुटतं, त्यामुळं भर वैशाखातही पाताळगंगेला ओढ असते. विमान निघालं खाली.

कमळ्यानं सुरी सोनाबाईच्या हातात दिली आणि नदीत उडी टाकली.

पाणी पिवळं झालं. पोहणारा नवरा पुढं आणि हळदीचा पट्टा त्याच्यामागं. त्यानं वळणाच्या अलीकडं विमान गाठलं, एका हातानं डोक्यावर धरलं आणि दुसऱ्या हातानं पाणी तोडत काठाला आला. काठावर तोवर विमलबाई येऊन पोहोचली होती. मुलगा गायब म्हणून ती आत्यांसकट शोधायला निघाली होती. नदीतून बाहेर आला तो तिचा नेहमीचा सावळा कमळ्या. हळदीचा ठिपका नाही.

"मेल्या, हळद कुठाय?"

कमळ्यानं नदीकडं बोट दाखवलं.

"आमी सकाळपास्नं घासतोय, आन् तू धुतलीस? सवाष्णींच्या हातची आंघोळ सोडून नदीत? उद्या नवरीकडची मानसं काय म्हनतील?"

"वैनी," रज्जाक धापा टाकत म्हणाला, "काय बी म्हनूं दे. आपलं बाशिंग पवून आननारा नवरा पंचक्रोशीत दुसरा दाखवा."

विमलबाईनं तोंड उघडलं. कमळ्याच्या हातातल्या त्या ओल्या प्रकाराकडं बघितलं. आत्या पदराआड हसत होत्या. शेवटी तीही हसली, पण रागावलेल्या आवाजातच हसली. "चल घरी. पुन्ना वाटते हळद. आन् या येळंला दाराला कडी घालते."

विमान भिवाजीच्या हातात आलं. त्यानं ते छातीशी धरलं, आणि धरता धरताच ते उकललं. चिंचोक्याची खळ पाण्यात विरघळली होती. पंख आपले आपण सुटले, शेपूट सुटलं, कागद गळून पडला. भेंडाची एकेक पट्टी भिजूनही धड होती. सकाळपासून सुरी धरून जे त्याच्यानं होत नव्हतं, ते नदीनं न दुखवता करून दिलं. तो पट्ट्या एकेक करून सोनाबाईच्या पदरात ठेवत गेला. पदर भरला तशी ती म्हणाली, "चला, ऊन हाय तवर सुकाय घालू."

त्या संध्याकाळी बाशिंग झालं. पंखांच्या पट्ट्यांना जो बाक बसला होता तो काही गेला नाही. त्यामुळं बाशिंग दोन्ही बाजूंनी किंचित वर उचललेलं, कपाळावरून आता निघतंय की काय असं. दुसऱ्या दिवशी मांडवात सगळे म्हणाले, असं बाशिंग बघितलं नाही. विमलबाईनं चारचौघांत सांगितलं, की हे तिनं खास सांगून करून घेतलंय.

भिवाजीचं मात्र लग्नात लक्ष नव्हतं. तो माणसं गाठत होता. "रबर संपलं व्हतं. पंखा थांबला व्हता. मंग वर कोन नेत व्हतं?" रज्जाक म्हणाला, वारा. "पान हालत नव्हतं रं!" कमळ्याच्या मामानं घारीवर संशय घेतला. पंगतीत भिवाजीनं वाढप्याला विचारलं, वाढप्यानं घाबरून दोन बुंदीचे लाडू जास्त वाढले. भटजींना विचारलं, तर ते सुपारी कातरत म्हणाले, "देवाची करणी." भिवाजी म्हणाला, "ते हायच. पन ती राबावरच का?" बोहल्यावर बसलेल्या कमळ्यानं बायकोच्या पलीकडून मान काढून विचारलं, "काका, काय कळलं का?" आणि नव्या नवरीनं पहिल्यांदाच नवऱ्याकडं नीट बघितलं.

वऱ्हाड निघून गेल्यावर, दुपारच्या उन्हात भिवाजी त्याच राबात जाऊन उभा राहिला. बाशिंगातून उरलेले भेंडाचे पापुद्रे मुठीत होते. आधी तो धसकटांत उभा राहिला आणि त्यानं एक पापुद्रा सोडला. तो गिरक्या घेत पायाशी पडला. मग तो काळ्या राखेत गेला. तळपाय भाजत होते, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. त्यानं पापुद्रा सोडला. पापुद्रा खांद्यापर्यंत खाली आला, थबकला, आणि वर निघाला. डोक्यावर, मग आंब्याच्या फांदीवर, मग दिसेनासा. त्यानं दुसरा सोडला. तोही गेला.

"सोना! तापलंय म्हनून! काळं तापतं, त्याच्यावरची हवा तापून वर जाती, आन् जाताना घेऊन जाती!"

बांधावर उभी असलेली सोनाबाई काढलेल्या वहाणा तिथंच टाकून आली. "मला द्या येक."

तिनं पापुद्रा चिमटीत धरला, हात उंच केला आणि सोडला. तो तिच्या केसांना लागून सरळ वर गेला. पांढरा ठिपका लहान होत होत निळ्यात मिसळला. ती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. पाय भाजत होते, पण ती हलली नाही.

"आन् थांबतं कुठं ते?" तिनं विचारलं.

भिवाजीनं मुठीतले उरलेले पापुद्रे तिच्या ओंजळीत ओतले, आणि दोघंही वर बघायला लागले.